बारा गाड्यांचं पुस्तक

"हा कोण?" दिपमालानं चित्रावर बोट ठेवलं.

"कंडक्टर!"

"नाही, लाइनमन! खांबावर चढतो तो."

चित्रात पोस्टमन होता. पण खाकी कपडे आणि खांद्यावरची पिशवी एवढ्यावर पोरांना तो ओळखू येत नव्हता. तिनं पान उलटलं. हिरवळ, घसरगुंडी, पांढरा बाक, बाकावर पेपर वाचणारे आजोबा.

"ही बाग."

"मग केळी कुठे गेल्या?" पलकनं विचारलं.

पलक ही कोपऱ्यावरच्या पारसमल किराणावाल्यांची नात. बाग म्हणजे केळीची नाही तर लिंबाची, हे चार वर्षांच्या पोरीला पक्कं माहीत होतं. दिपमालानं पुस्तक मिटलं आणि खिचडी वाढायला उठली.

पाचोऱ्यापासून आतल्या अंगाला असलेल्या या गावात ती सतरा-अठरा वर्षं अंगणवाडी सेविका होती. माहेर धुळ्याकडचं. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या ओट्यावर तिनं गेरू-चुन्यानं बैलजोडी काढली. दुसऱ्या दिवशी शेजारीण तिला ओढत आपल्या दारात घेऊन गेली. तेव्हापासून गल्लीतल्या कुठल्याही लग्नात दाराच्या दोन्ही बाजूंचं चित्र दिपमालाचं, हे ठरून गेलेलं. त्यामुळे पर्यवेक्षिका मॅडमनी जेव्हा सांगितलं की, प्रत्येक अंगणवाडीनं आपल्या गल्लीचं चित्रपुस्तक करायचं, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, जळगावला मांडायचंय, तेव्हा बाकीच्या सेविकांनी कपाळाला हात लावला आणि सगळ्यांनी दिपमालाकडे पाहिलं.

"तुझं काय, तू तर बोटानंच काढशील," एक जण म्हणाली.

पण तिला आठवडाभर काही सुचलं नाही. पारसमलच्या दुकानाचं एक पान, पिठाच्या गिरणीचं एक, हापशाचं एक, असं करून पाहिलं. सुटी सुटी पानं झाली. गल्ली दिसेना.

मग एका दुपारी मागच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. पोरं एकामागे एक, पुढच्याचा शर्ट धरून लांब रांग करून धावत होती. सगळ्यात पुढचा पोरगा अंगाला माती फासून, मान खाली घालून ओढत होता, आणि बाकीचे ओरडत होते, "बोल मरीमाय की जय!"

दिपमालाच्या हातातला चमचा खाली पडला.

मदतनीस प्रमिलाबाई धावली. "ए पोरेसहो! कोनी शिकाडं रे तुमले हाई? बंद करा पहिले!"

आखाजीला मरीमायच्या नावानं ओढतात त्या बारागाड्या या पोरांनी गावात कधी पाहिल्याच नव्हत्या. सहा वर्षांपासून त्या निघाल्याच नव्हत्या. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं, मोठ्या भावंडांनी खेळून दाखवलेलं. एरवी मरीमायच्या देवळामागे गवतात पडलेली त्या गाड्यांची लोखंडी धावेची चाकं पोरांना फक्त चढायला-उतरायला होती.

"राहू द्या, प्रमिलाबाई," दिपमाला म्हणाली. "खेळू द्या."

त्या संध्याकाळी तिनं ठरवलं. पुढे एक पान आणि मागे बारा पानांवर बारा गाड्या. एकाला एक जोडलेल्या. प्रत्येक गाडीत गल्लीतली दोन-तीन घरं. पुस्तक उलगडलं की सगळी गल्ली एका रांगेत.

प्रमिलाबाई ऐकून खालीच बसली. "दिपा, तुले दुसरं काहीच सुचनं नही का व माय? तुलेच हाई सुचनं?"

"गल्ली सगळी एका रांगेत आणखी कधी बसली होती, तुम्हीच सांगा."

प्रमिलाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पातेलं घासायला घेतलं.

पुठ्ठे पारसमलनी दिले. साबणाची, तेलाची, चहाची रिकामी खोकी त्यांनी स्वतः कापून सारखी करून दिली. दिपमालानं त्यावर पांढरा कागद चिकटवला आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या खळीनं लावून पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडला, म्हणजे घडी घालता येईल. मग गल्लीत बातमी पसरली आणि अंगणवाडीच्या दारात माणसं यायला लागली.

"दिपाबाई, माझी गाडी मधली ठेवा हां," पारसमल म्हणाले. "पुढे बसवलं तर ओढायला लावाल. आणि हातात तराजू काढा."

"गाडीत तराजू कशाला, काकाजी?"

"तराजू नसला तर लोक म्हणतील, हा कोण म्हातारा फुकट बसला?"

मंदाबाईला जागेची तक्रार होती. तिचं घर प्रमिलाबाईच्या भिंतीला भिंत लागून. दोघींचं सांडपाण्यावरून वर्षानुवर्षं चाललेलं. "मी तिनासंगे एक गाडीमा बठाव नही," तिनं दारातूनच जाहीर केलं.

"मग चालत ये मागून," आतून प्रमिलाबाई म्हणाली. "पायले मोकळं वाटी."

"दखी ऱ्हायनी ना दिपा? चित्रमाबी बोलस ती."

दिपमालानं दोघींना एकाच गाडीत बसवलं, एकमेकींकडे पाठ करून. मंदाबाईनं ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "मन्हं नाक एवढं मोठं शे का?" पण काढून टाक म्हणाली नाही.

गिरणीवाला, दूधवाला, दोन गाड्या भरून शाळेतली पोरं, सुट्टीला माहेरी आलेल्या लेकी. एकेक गाडी भरत गेली. पोरं भोवती बसून सांगत, याला मिशी काढ, त्याची शेळी राहिली. आणि एक दिवस पलकनं पहिल्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. तो कोराच होता.

"ताई, ओढतंय कोण?"

दारात उभी असलेली मंदाबाई आत सरकली.

"ओढणारा पाहिजे ना," पलक म्हणाली. "नाहीतर गाड्या चालणार कशा?"

"काढीन," दिपमाला म्हणाली.

"कोले काढशी?" मंदाबाईनं विचारलं. "त्याले? त्यानं सत गयं व्हतं म्हनीसनच ते झायं. बठ्ठा गावले माहीत शे. उपास व्हता त्या दिन त्यानी स्टँडवर चहा पिधा व्हता, लोकेस्नी दखा व्हता."

दिपमालानं ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला.

तो म्हणजे पुना भगत. त्याच्या बापानं गाड्या ओढल्या, मग त्यानं. आखाजीच्या दिवशी अंगाला हळद लावून, कमरेला दोर बांधून तो पहिल्या गाडीच्या जुवाला भिडायचा. दोन्ही बाजूंना त्याला धरायला बगले असायचे. माणसांनी खचाखच भरलेल्या बारा गाड्या उतारावरून मरीमायच्या देवळापर्यंत जायच्या. एकच नियम होता. देवळाच्या पायरीला हात लागेपर्यंत भगतानं मागे पाहायचं नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या आखाजीला दिपमालाचा एकुलता एक मुलगा ललित चौथ्या गाडीच्या कडेला पाय सोडून बसला होता. तिसरीत होता. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गाडीला हिसका बसला आणि तो खाली पडला. मागे पाचवी गाडी होती. तिच्या मागे सहावी.

गाड्या देवळापर्यंत गेल्या. पुनानं पायरीला हात लावला, तेव्हा मागे पाहिलं.

त्यानंतर गावानं कारण शोधलं आणि ते चहाच्या कपात सापडलं. पुनाच्या घरी कुणी जाईनासं झालं. लग्नाच्या पंगतीत तो बसला की शेजारचं पान रिकामं राहायचं. एकाही माणसानं दिपमालाला विचारलं नाही की, तुला काय वाटतं. तिनंही सांगितलं नाही. पुना रस्त्यात दिसला की ती डोक्यावरचा पदर पुढे ओढायची. लोक ते बघायचे आणि त्यांना उत्तर मिळायचं.

आता कोऱ्या पुठ्ठ्यावर पुना काढला, तर ते उत्तर ती सगळ्या गावासमोर मागे घेणार होती. नाही काढला, तर पोरांच्या पुस्तकात गाड्या आपोआप चालणार होत्या.

पुठ्ठे वाळवायला ती घरी घेऊन गेली. दिवेलागणीला तिचा नवरा हितेंद्र जिनिंगमधून आला. त्याच्या केसांत कापसाचे तंतू होते. हातपाय धुऊन तो ओसरीत आला आणि भिंतीला टेकवलेल्या गाड्या एकेक करून बघत गेला. पारसमलच्या तराजूपाशी किंचित हसला. शेवटच्या गाडीपाशी थांबला.

शेवटच्या गाडीत एकच मुलगा होता. निळा शर्ट, मागच्या फळीवर पाय सोडून बसलेला.

"याला शेवटच्या गाडीत का बसवलंस?" हितेंद्रनं विचारलं. आवाज अगदी खाली होता.

"शेवटच्या गाडीमागे चाक नसतं," ती म्हणाली.

तो तिथेच खाली बसला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"पहिलं पान कोरं आहे," तो शेवटी म्हणाला.

"पुनाआबांना काढावं म्हणते."

"काढ."

"मंदाबाई म्हणते..."

"मंदाबाईचं सोड. तुझं सांग." त्यानं मान वर केली. "पुनाआबाला काढशील, तर त्याच्या उजव्या हाताला कोण होतं, तेही काढावं लागेल."

दिपमालानं त्याच्याकडे पाहिलं.

"मी होतो, दिपा. मी बगला होतो. मला आवाज आला होता. मला वाटलं, लोक ओरडताहेत. दरवर्षीच ओरडतात, तसं. मीसुद्धा मागे पाहिलं नाही." तो थांबला. "सगळं गाव त्याला बोललं. मला एक जण बोललं नाही. पोराचा बाप ना मी. तूसुद्धा बोलली नाहीस."

"तुम्हाला काय बोलणार होते?"

"मग त्याला कशी बोललीस?"

"मी कुणालाच काही बोलले नाही."

"तेच," हितेंद्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर ती वही-पेन्सिल घेऊन पुनाच्या घरी गेली. घर गावाच्या टोकाला, शेताला लागून. तो ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसला होता. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं. तिला पाहिल्यावर हात थांबले, पण अंगठ्यानं दोर सोडला नाही.

"ये माय," तो म्हणाला. "बस. पानी लई येस."

"नको, आबा. बसा तुम्ही. मी काम घेऊन आलेय."

"मन्हाकडे? मन्हाकडे आते काय काम?"

तिनं पुस्तकाचं सांगितलं. पोरांसाठी आहे, बारा गाड्या आहेत, पहिलं पान राहिलंय. ऐकता ऐकता पुनाचा चेहरा दुसरीकडे वळला.

"मन्हं तोंड कसाले पाहिजे तुले? कोनंबी काढ. पोरेसले काय ठाऊक शे?"

"मला ठाऊक आहे ना." ती ओट्यावर टेकली. "आणि आबा, मला तुमचं तोंड आठवत नाही. सहा वर्षं मी पाहिलंच नाही. पदर ओढायचे मी. म्हणून समोर बसून काढायला आले."

म्हाताऱ्यानं दोर बाजूला ठेवला. तळव्यांवरचे अंबाडीचे तंतू झटकले. शेतातल्या मोटारीचा आवाज येत होता.

"मी चहा पिधा नव्हता, माय," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"तुले माहीत व्हतं?"

"तेव्हापासून माहीत आहे. हे दिवसभर तुमच्याबरोबर होते ना."

यावर तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो रागावला नाही. पाठ भिंतीला टेकवून सरळ बसला, टोपी नीट केली. "काढ."

ती रेघा ओढायला लागली. कपाळ, भुवया, नाकाच्या बाजूच्या दोन खोल घड्या. मग म्हणाली, "आबा, जरा मान वळवा. मागे बघताय, असं काढते."

"कसाले?"

"बरं दिसेल. तुम्ही मागे वळून बघताय आणि सगळ्या गाड्या तुम्हाला दिसताहेत."

पुनानं मान हलवली. "नही. मांगे दखतांना काढू नको. मी दखं नही."

"चित्र आहे, आबा. पोरांसाठी."

"पोरेसनंच म्हनी ऱ्हायनू मी. मोठा व्हईसन इचारतीन. आवाज उना व्हता माले. कान बहिरा नही व्हतात मन्हा. भगतनी मांगे दखानं नही ऱ्हास, म्हनीसन दखं नही. दखं असतं तरी गाड्या थांबतीस नही, तेबी माले माहीत शे. पन दखं नही, ते नही." त्यानं हनुवटी वर केली. "समोर दखतांना काढ. जशे व्हतं तशे."

तिनं समोर बघणारा पुना काढला. चित्र झाल्यावर त्याला दाखवलं. त्यानं ते पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुन्हा पोऱ्याले काढं का?"

"काढलंय."

"कोनती गाडीमा?"

"शेवटच्या."

पुनानं डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. तिनं वही मिटली. निघताना तिनं वाकून त्याच्या पायाला हात लावला तेव्हा तो म्हणाला, "पानी पिधं नही तू." मग तिनं पाणी प्यायलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी पुस्तक पुरं झालं. घराघरात सांजोऱ्या तळायचं चाललं होतं, तरी माणसं अंगणवाडीत आली. पहिल्या पानावर हळदीनं पिवळा झालेला पुना होता, समोर बघणारा, दात आवळलेला. उजव्या हाताला हितेंद्र. जुवावर दोघांचे हात.

मंदाबाईनं ते पाहिलं. "घिदा शेवटी त्याले."

"हो," दिपमाला म्हणाली. "गाड्या त्यांनी ओढल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी चहा घेतला नव्हता. त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझा मुलगा गाडीवरून पडला." तिनं श्वास घेतला. "हे मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

मंदाबाई काही बोलायला गेली, पण तिचं लक्ष हितेंद्रकडे गेलं, चित्रातल्या नाही, दाराशी उभ्या असलेल्या. प्रमिलाबाईनं तिला बाजूला सरकून बसायला जागा दिली, आणि ती बसली.

पुना आत आला नव्हता. अंगणातल्या कडुलिंबाखाली पारावर बसला होता. पारसमल त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. "चला भगत, आत चला. माझा तराजू बघा. एका बाजूला झुकलाय. बाईनं माझी अब्रू घालवली." पुना हसला नाही, पण उठला. पारसमलनी त्याचा दंड धरला, एके काळी बगले धरायचे तसा, आणि त्याला आत आणलं.

पुस्तक पोरांच्या ताब्यात होतं. उभं करायचं ठरलं होतं, पण ते खोलीपेक्षा लांब झालेलं. सरळ उलगडलं की शेवटची गाडी दाराबाहेर जायची.

"ती बाहेर नको ठेवायला, ऊन लागेल त्याला," पलक म्हणाली. तिनं शेवटच्या गाडीचं टोक धरून आत आणलं, वळवलं, आणखी वळवलं, आणि पहिल्या पानाशी आणून टेकवलं. गोल झाला. गोलाच्या मधोमध ती जाऊन बसली, मागून बाकीची पोरं. सगळ्या बाजूंनी गल्ली.

आता पुना भगताच्या चित्रासमोर शेवटची गाडी होती. तो सरळ पुढे बघत होता आणि निळ्या शर्टाचा मुलगा त्याच्या तोंडासमोर बसला होता, पाय हलवत.

पलकनं आतून वर पाहिलं. खरा पुना गोलाबाहेर उभा होता.

"आजोबा, हे तुम्ही आहात ना?"

"हां बेटा."

"मग हा कोण? तुम्ही याच्याकडेच बघताय."

ललितचं नाव गावात कुणी उच्चारत नसे. दिपमालाच्या घरातही नाही. पुना गुडघ्यावर हात देऊन हळूच खाली बसला. त्याचं तोंड पोरांच्या तोंडाइतकं खाली आलं.

"हाऊ ललित," तो म्हणाला. "दिपाताईना पोऱ्या."

"हा इतक्या मागे का बसला?"

पुनानं दिपमालाकडे पाहिलं. तिनं पदर ओढला नाही.

"तिथून सगळे दिसतात त्याला," ती म्हणाली.

पलकला ते पटलं. तिनं गाड्या पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतल्या, प्रत्येकीतल्या माणसाचं नाव घेत. भगत आजोबा, हितेंद्र काका, गिरणीवाले काका, पाठ करून बसलेल्या दोघी. एखादं नाव अडलं की बाहेरून कुणीतरी सांगत होतं. शेवटच्या गाडीशी आली तेव्हा तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मोबाइल वाजला. मॅडम होत्या. पुस्तक आजच पाठवा, उद्या सुट्टी आहे.

"परवा पाठवते, मॅडम," दिपमाला म्हणाली. "उद्या आखाजी आहे. उद्या राहू द्या इथेच."

हितेंद्र आत येऊन पुनाशेजारी बसला, उजव्या हाताला. प्रमिलाबाईनं सगळ्यांना चहा आणला तेव्हा पहिला कप तिनं पुनाच्या हातात दिला, आणि मंदाबाईनं बशी पुढे केली.